पाळण्यातला वरवंटा

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला स्वतःला सावरून घेता येणार नाही. मी पाळण्यातून एक वरवंटा उचलला आणि त्याचा दोष दुसऱ्यावर जाऊ दिला... सहा वर्षं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, असं इथे अनुभव टाकणारे बहुतेक जण लिहितात. माझा तर अजूनही नाही. हडपसरच्या एका कारखान्यात मी तापमान मोजणारी उपकरणं तपासतो. आकडा विचित्र आला की आधी उपकरणावर संशय घ्यायचा, हे माझं रोजचं काम.

लग्नानंतर चौदा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. मी तेव्हा त्रेचाळीसचा. दिवस भरायच्या सात आठवडे आधीच झाली, आणि पाचव्या दिवशी तिच्या रक्तात इन्फेक्शन निघालं. एनआयसीयू, काचेची पेटी, नळ्या. माझी बायको वर्षा दूध काढून द्यायला दिवसभर हॉस्पिटलमध्येच बसून असायची. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर सासूबाई एकट्या. त्या वाशीमकडच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या.

बाराव्या दिवशी त्यांनी मधल्या खोलीत पाळणा मांडला. घरातला वरवंटा धुतला, दुपट्यात गुंडाळला, त्याला टोपडं घातलं आणि आत निजवला. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात, बाळ तसंच टणक व्हावं म्हणून, एवढं मलाही ठाऊक होतं. पण इथे बाळच नव्हतं.

"पाळना रिकामा राहू नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पोरगी येईपर्यंत हा तिची जागा धरून ठेवते."

वर्षाला सांगितलं तर तिला बरं वाटलं. "असू दे हो," म्हणाली. "आपण तरी दुसरं काय करतोय?"

तीन दिवस तो तसाच होता. पंधराव्या दिवशी मी सकाळी घरी आलो. रात्र खुर्चीत काढलेली, आणि निघताना डॉक्टर म्हणाले होते, "आजचं काही सांगता येत नाही." अंघोळ करून परत निघायचं होतं. मधल्या खोलीत सासूबाई पाळण्याला झोका देत हळू आवाजात काहीतरी गात होत्या. माझं डोकं फिरलं.

"आई, माझी मुलगी तिकडे मरायला टेकलीय आणि तुम्ही दगड कसला झोपवताय? हे खूळ तुमच्या गावाला ठेवा."

"काढू नका जी," एवढंच म्हणाल्या.

मी वरवंटा उचलला. तो कोमट होता. झोपलेलं मूल उचलताना हाताला लागतं ना, तसा. मला ते कळलं... तरी मी तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर आपटला. टोपडं खाली पडलं. साडेअकरा वाजले होते, कारण मी उशीर झाला म्हणून घड्याळ पाहिलं.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तर पेटीभोवती गर्दी. सिस्टर म्हणाल्या, "अर्ध्या-पाऊण तासापासून टेम्परेचर पडतंय बाळाचं. पेटी बदलली, तरी पडतंय." मी आकडे पाहिले. उपकरणात दोष नव्हता. तिची बोटं निळसर झाली होती.

वर्षाने मला बाजूला घेतलं. "अहो, पाळण्यात वरवंटा आहे ना?"

मी थकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त तसं होतं. म्हणालो, "ओट्यावर दिसला. आईंनी चटणी वाटायला काढला असेल."

वर्षाने तिथूनच आईला फोन लावला. ती जे बोलली ते इथे लिहिणार नाही. मी शेजारीच उभा होतो. मग पलीकडून सासूबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला — "हाव. चुकलं माझं. ठेवतो आता."

तेव्हा एक वाजून गेला होता. दीडच्या सुमाराला तापमान पडायचं थांबलं. दोननंतर चढू लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलं असेल. मीही तेच म्हणतो.

संध्याकाळी घरी आलो. वरवंटा पाळण्यात होता, टोपडं घालून. माझ्या बॅगेत कामाचा थर्मामीटर असतो. पाळण्याची लाकडी कड सत्तावीस अंश. वरवंटा साडेछत्तीसच्या वर, माणसाच्या अंगाइतका.

"गरम पाण्याने धुतला का?"

"नाही जी. दुपारी ठेवला, मंग हात नाही लावला."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात थर्मामीटर तपासला. बरोबर होता.

महिनाभराने आमची रेवा घरी आली, पाळण्यात निजली आणि वरवंटा स्वयंपाकघरात परत गेला. त्यानंतर घरी कोणी नसताना मी तो आठ-दहा वेळा तरी पाळण्यात, त्याच दुपट्यात ठेवून पाहिला. दर वेळी खोलीइतकाच गार.

पण झोप उडवते ती दुसरी गोष्ट. वर्षा आईच्या हातात रेवाला देताना क्षणभर थांबायची. सासूबाईंना ते दिसायचं. खरं काय झालं ते त्या एकदाही बोलल्या नाहीत, लेकीशी नाही आणि माझ्याशीही नाही.

मागच्या महिन्यात त्या आल्या होत्या. जवसाची चटणी वाटायला त्यांनी पाटा पुढे ओढला. वर्षा पोळी लाटता लाटता म्हणाली, "मिक्सर आहे, आई. तुझ्या चटणीपायी एकदा झालं तेवढं पुरे."

सासूबाईंनी गुपचूप पाटा मागे सारला.

मी दारात उभा होतो. म्हणालो, "वर्षा, त्या दिवशी वरवंटा मी काढला होता. आईंनी नाही." लाटणं थांबलं. मी सासूबाईंसमोर खाली फरशीवर बसलो.

"त्या दिवशी फोनवर तुम्ही जे म्हणालात ना आई, ते मी म्हणायला हवं होतं. चुकलं माझं."