मामाजींशी बोललेली सून

मुलांनो, महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात मी वडिलांजवळ बसत असे. शेजारच्या खाटेवरचे अमडापूरकडचे म्हातारे ऑपरेशननंतर भ्रमात गेले होते. "बैल सुटले बे," म्हणत ते टाक्यांवरची पट्टी ओढत. घरी सासऱ्यांसमोर कधी न बोललेली त्यांची सून दोन्ही हातांनी त्यांना धरी. पदर घसरला तरी ती म्हणत राही, "मामाजी, बैल बांधले म्या. झोपा आता."

डॉक्टर म्हणाले, "रक्ताच्या तपासणीत अंगातली सूज दिसते. ती उतरली की बहुधा भानावर येतील. या वयात खात्री नाही."

एका सकाळी म्हाताऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. "सूनबाई, डोक्यावर पदर घे."

तिने पदर ओढला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, डॉक्टरले तुमीच सांगा, मामाजी शुद्धीवर आले. मले आता त्याइच्यासमोर बोलता येत नाही."