घाटघरच्या आकड्यातलं टिंब

पाऊस मोजायच्या ऑफिसात नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, "त्यात किस्से कसले?" अहो, नगर जिल्ह्यात पाऊस मोजायचा म्हणजे रोज एक धक्का! पश्चिमेला घाटघर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. तिथं चूलसुद्धा ओली. पूर्वेला पाथर्डी, तिथं छत्री लागते ती उन्हासाठी. जिल्हा एक, रजिस्टर एक आणि ते लिहिणारा मी. बहात्तरच्या दुष्काळात तर इतके किस्से जमले की सांगता सोय नाही. त्यातला एक मी मुद्दामच कुणाला सांगितला नव्हता.

काम तसं सोपं. गावात एक पर्जन्यमापक आणि तो बघणारा एक माणूस. रोज सकाळी बाटलीतलं पाणी मोजायचं आणि मिलिमीटरचा आकडा तारेनं नगरला कळवायचा.

*

पाथर्डीकडे आमचे नामदेवराव होते. त्यांचा आकडा कायम शून्य. एके दिवशी त्यांची तार आली, "आज शून्य. उद्याही शून्य."

मी उडालोच! भेटल्यावर जाब विचारला, तर म्हणाले, "भाऊसाहेब, दुसऱ्या दिशी घोडेगावच्या बाजाराला जायचं हुतं. मोजायला कोन बसनार?"

"आणि पाऊस आला असता तर?"

"तर मी बाजार सोडून नाचलो नसतो व्हय!"

दुसऱ्या दिवशी खरंच शून्य होता, म्हणून वाचले.

*

घाटघरचे किसनदादा एकदाच नगरला आले, फुटलेल्या मोजपात्राच्या बदली नवं न्यायला. आषाढ चालू होता. डोक्यापासून पाठीपर्यंत पानांचं इरलं, आणि वर रणरणतं ऊन! स्टँडपासून पोरांचा घोळका मागे.

ऑफिसच्या पायरीवर बसून त्यांनी बोटानं धूळ उचलली, चोळून बघितली.

"भाऊसाहेब, तुमच्याकडं पावसाळा कवा लागतो?"

"दादा, हा पावसाळाच आहे!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग इरलं काढून त्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याची सुकत चाललेली पानं एकेक करून चाचपत बसले. मलाच कसंतरी झालं.

*

आता टिंबाचं सांगतो. मी नवा असताना आमच्या शेखचाचांनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मला पहिल्याच दिवशी शिकवलं, "तारेत दशांशाचं टिंब गळतं. तीन आकडी काही आलं, की शेवटच्या आकड्याआधी टिंब द्यायचं. २१५ आलं, की २१.५ लिहायचं. एवढा पाऊस पडतो का कुठं!"

मी नगरचा माणूस. मला ते शंभर टक्के पटलं! घाटघरच्या आकड्यांना मी वर्षानुवर्षं टिंबं देत आलो. शेखचाचा रिटायर झाले, टिंब काही रिटायर झालं नाही.

*

बहात्तरच्या त्या साली जालन्याकडून नवे साहेब बदलून आले. एका सकाळी घाटघरची तार चुकून थेट त्यांच्याच टेबलावर गेली.

"तीन आकडे? एका दिवसात?" साहेब खुर्चीतून उठले. "मागची सगळी रजिस्टरं काढा!"

काढली. घाटघरला कुठल्याच वर्षी, कुठल्याच दिवशी पावसानं शंभरी गाठलेली नव्हती. कशी गाठेल? टिंबं माझीच होती ना!

"लोक दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडतायत, आणि हा घरात बसून आकडे ठोकतोय! लिहा आदेश. याला कामावरून काढा. मी स्वतः जाऊन हातात देतो."

किसनदादांच्या घरात रोखीचं उत्पन्न म्हणजे तेवढं मानधन, हे मला माहीत होतं. तोंड उघडलं तर माझी नोकरी जाणार होती. मी दौत पुढे ओढली आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात आदेश लिहिला. आजही लाज वाटते.

*

पुढचं मला जीपच्या ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. नगर सोडताना साहेबांच्या नाकाला रुमाल, इतकी धूळ. संगमनेरला आभाळ भरलेलं, पण कोरडं. आमच्या नगर जिल्ह्यातल्याच अकोल्यात भुरभूर. राजूरला वायपर लावले. पुढं चढाला तर वायपर असून नसून सारखे! शेवटी चिखलात जीप रुतली आणि साहेब छत्रीशिवाय घाटघरपर्यंत चालत गेले.

किसनदादांनी त्यांना घोंगडी दिली, गरम चहा दिला आणि पर्जन्यमापकापाशी नेलं. बाटली तुडुंब. दादांनी मोजून ओतली. थोड्या वेळानं परत भरत आली.

"हे... हे रोज असं?" साहेबांनी वाकून बाटलीत बघितलं.

"ढग कोकनातून चढून येत्यात, साहेब. चढून चढून हितंच वझं टाकत्यात. खाली तुमच्याकडं मोकळंच येत्यात."

साहेब रात्री तिथंच राहिले. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी मोजलं, राजूरला येऊन स्वतः तार केली आणि मग अकोल्याची, संगमनेरची पाहणी करत निघाले.

*

म्हणजे तार त्यांच्याआधी माझ्याकडे पोचली. तारांचा गठ्ठा समोर होता, मी भराभर उतरवत होतो. घाटघर, तीन आकडे. हातानं टिंब देऊन टाकलं. मग खाली पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. साहेबांचं! शाई तोवर वाळली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट माझ्या टेबलाशी. रजिस्टर उघडलं, स्वतःच्या आकड्यातल्या टिंबावर बोट ठेवलं आणि मागची पानं एकेक करून उलटली. बराच वेळ उलटली. मी उभा.

मग त्यांनी खिशातून घडी घातलेला ओला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. तोच आदेश.

"किसनचं नाव तेवढं पावसानं धुऊन नेलंय, भाऊसाहेब. बाकी तुमचं अक्षर नीट वाचता येतंय," साहेब शांतपणे म्हणाले. "बोला, रिकाम्या जागेत कुणाचं नाव घालू?"