मोज्यातली तार आणि खंडेनवमी

आता काय सांगू तुम्हाला, शिकलेला माणूस किती बावळट असू शकतो ते! मी एम.डी., धुळ्यातला जुना भूलतज्ज्ञ. पण कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. परदेशी मासिकांत तेव्हा पेटंटची लाटच आली होती. रोग्याच्या श्वासनळीत नळी घालायचं काहीही नवं साधन दिसलं, की खाली बारीक अक्षरात पेटंटचा नंबर! घसा उघडायच्या पात्याला जरा बाक दिला, नंबर. नळीला फुगा लावला, नंबर.

म्हटलं, आपणच का मागे?

देवपुरातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून मी तांब्याची जाड तार आणली. तिला सावद्याच्या केळ्यासारखा बाक दिला, नळीच्या टोकापुढे जाऊ नये म्हणून सरकता मणी बसवला. ती नळीत घातली की अवघडातल्या अवघड घशातही नळी वळणावर अडेना!

पेटंटसाठी मुंबईच्या वकिलांना लिहिलं, त्यांचं पत्र आलं : अर्ज दाखल होईपर्यंत ही वस्तू कुणालाही दाखवू नका.

झालं! माझी झोप उडाली. ऑपरेशन नसलं की तार पायमोज्यात. बायकोलाही सांगितलं नाही. मात्र पेटंट लावायला चौकट आधीच करून घेतली, चांगली मोठी.

मग आली खंडेनवमी. दवाखान्यात सगळी हत्यारं पूजेला मांडलेली. ऑपरेशन थिएटरमधले जुने मदतनीस नाना माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, देवपाईन काय लपाडतस? ठेवा तीबी."

पटलं मला, देवापासून कसली लपवाछपवी! पूजेत ठेवणं म्हणजे दाखवणं थोडंच?

हळदीकुंकू लागलं, झेंडूचं फूल चढलं. प्रसादाला गावातले सगळे डॉक्टर हजर. एकाने विचारलं, "काय हो हे?"

आता शहाण्याने गप्प बसावं की नाही? पण इतक्या वर्षांत मला कुणी 'हे काय' म्हणून विचारलंच नव्हतं हो! मी तार हातात घेतली अन् अर्धा तास बोललो. मणी सरकवूनही दाखवला.

पुढचे आठ दिवस अर्ज लिहिण्यात गेले. पेपर उघडायलाही सवड नाही. निघताना रद्दीतलं वरचं पान ओढलं, तार गुंडाळली आणि मुंबई गाठली.

"कुणाला दाखवलीत का?" वकिलांनी विचारलं.

"छे! मोज्यात होती."

त्यांनी पुडकं सोडलं. तार बाजूला ठेवली आणि कागदच वाचत बसले.

"डॉक्टर, कपाळाला कुंकू लावलेले हे तुम्हीच ना?"

पाहतो तर काय! पेपरात मी, हातात तार, खाली ओळ : 'नव्या उपकरणाची सविस्तर माहिती देताना'. प्रसाद घेणाऱ्यांत एक कॅमेरावाला वार्ताहर होता, हे बोलण्याच्या भरात मला कुठे दिसलं?

"हे छापून आलं, आता पेटंट घ्यायला नवं काय राहिलं?" असं म्हणून वकिलांनी तार परत त्याच कागदात गुंडाळून दिली.

पडलेल्या चेहऱ्याने घरी आलो. दारातच ही म्हणाली, "अहो, ते फोटोचं पान कुठे नेलंत? आठ दिवस कापून ठेवीन म्हणत रद्दीवर काढून ठेवलं होतं, तर तिथूनच गायब!"

मी पुडकं तिच्या हातात दिलं.

तिने फोटो कापला आणि त्याच चौकटीत लावला. आजही भिंतीवर आहे. फोटो बोटभर, अन् भोवती पेटंटएवढी पांढरी जागा!