थंडावा बाहेर जातो

लोकांच्या घरात गारवा घालणं हा माझा धंदा. एसी बसवतो, एसी दुरुस्त करतो, आणि कुठल्याही घरात पाऊल टाकलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी दारं-खिडक्या लावा. थंडावा बाहेर जातो." मित्रमंडळी मला 'थंडोबा' म्हणतात. मी ते कौतुक समजत होतो. ते माझ्या कामाच्या वेगावरून आहे, हे बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

अशा या थंडोबाचे वडील स्वतःच्याच घरात उकडून निघत होते. त्यांची खोली मागची, वर पत्रा, भिंत पश्चिमेची. एसी लावला की बाबांचे गुडघे धरायचे. "तुझ्या मशीनची हवा हाडात शिरते रे," म्हणायचे आणि माझ्यादेखत बटण बंद करायचे. फुकटचा एसी नाकारणारं असं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही. पुढच्या खोलीत झोपा म्हटलं, तर तिथे आमचा टीव्ही आणि आमची भांडणं. शेवटी धाकट्या बहिणीने जाहीर केलं, "दादा, रविवारी मी बाबांना न्यायला येते. माझ्याकडे निदान सावली तरी आहे."

बाबांनी बॅग काढून पलंगाशेजारी ठेवली. मला त्या बॅगेकडे बघवेना. बाबांनी जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण ते तोंडाने सांगावं तर जीभ रेटेना. म्हणून मी अंगण खोदायला घेतलं.

कल्पना साधी होती. उन्हाळ्यातही जमिनीच्या पोटात खोलवर गार असतं. तिथून लांबलचक नळ न्यायचा. त्याचं एक तोंड अंगणाच्या टोकाला, दुसरं बाबांच्या खोलीत जमिनीलगत, आणि तिथे सौर पॅनलवर चालणारा छोटा पंखा. बाहेरची गरम हवा नळातून येता येता निवणार. ना मशीन, ना गॅस, ना गुडघेदुखी. हे मी एका व्हिडिओत पाहिलं होतं, पण गवंड्याला सांगताना मला आंघोळ करता करता सुचलं असं सांगितलं. चर कमरेच्या वर गेला तसा गवंडी म्हणाला, "मालक, नळ राहू द्या, बाबांनाच दुपारी इथे खुर्ची टाकून द्या की."

शनिवारी नळ बसला. मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं काम केलं. खिडकीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रश, फटींमध्ये फोम, आणि छताजवळच्या झरोक्याची झडप घट्ट लावून वर चिकटपट्टी. थंडावा म्हणून बाहेर जाऊ द्यायचा नाही! पंखा सुरू केला. तो गरगर फिरला, पण हवा काही येईना. मी नळाच्या तोंडाशी हात धरला, गाल धरला, शेवटी पालथा पडून कान लावला.

"अहो, तिथून कोणी बोलणार आहे का?" बायकोने विचारलं.

दुसरा पंखा आणला, तोही नुसताच भुणभुणला. रविवारी सकाळी बाबांनी चष्म्याची डबी बॅगेत टाकली. "तू केलंस ते पुष्कळ केलंस रे," म्हणाले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी खोलीत डोकावलो, तर सिगारेटचा वास! डॉक्टरांनी बाबांची सिगारेट केव्हाच बंद केली होती.

"बाबा, हे काय?"

बाबा खुर्चीत ताठ बसलेले. "मला काय विचारतोस? तुझ्या नळातूनच येतोय धूर. बाहेर कोणी फुंकत असेल, बघ जा."

आणि मी गेलो! रणरणत्या उन्हात, अंगणाच्या टोकाला गुडघ्यांवर बसून नळाचं तोंड हुंगत राहिलो. शेजारणीने कुंपणावरून पाहिलं आणि ती लगबगीने आत गेली.

परत येऊन खोलीत पाऊल टाकलं, तर घोट्यांना गार लागलं. पंखा तोच, नळ तोच. वर पाहिलं. चिकटपट्टी लोंबत होती आणि झडप सताड उघडी होती. धुराची शेवटची रेघ तिकडेच ओढली जात होती. चोरून ओढलेल्या सिगारेटचा धूर घालवायला बाबांनी काठीने झडप ढकलली होती. आतल्या गरम हवेला वाट मिळाली, तशी नळातली गार हवा आत आली. बाटलीला बूच लावून मी तिच्यात फुंकत बसलो होतो.

"लावू का झडप?" बाबांनी विचारलं. "थंडावा बाहेर जातो ना?"

"नका लावू," मी म्हणालो. "आणि बाबा, तुम्ही जाऊ नका." कसं कोण जाणे, पण तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात बहीण आली. दारातच थबकली. "सिगारेट? बाबा, पुन्हा? दादा, तुझं लक्ष नसतं, म्हणूनच मी यांना नेते आहे!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात पकडलेल्या पोराचा चेहरा झाला होता त्यांचा.

"मी ओढली," मी म्हणालो. जन्मात सिगारेटला हात न लावलेला मी! दारात उभ्या बायकोने तोंडावर हात धरला.

बहीण सुटलीच. "या वयात? तेही बाबांच्या खोलीत? लाज कशी वाटत नाही तुला!" मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बोलता बोलता ती पलंगावर टेकली आणि गार हवेत जरा निवली.

"मी तर रोज सांगतो याला," बाबा गंभीरपणे म्हणाले, "पण ऐकेल तर शपथ." आणि त्यांनी पायाने बॅग हळूच पलंगाखाली सरकवली.