चिलीम भाजण्याची रीत

चिलीम किती दिवसांनी साफ करावी, याचं उत्तर मला पन्नाशी ओलांडल्यावर मिळालं, आणि तेही चूक करून. मी परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. शिकवण्याची सवय अशी वाईट, की स्वतःला माहीत नसलेली गोष्टसुद्धा माणूस दुसऱ्याला समजावून सांगायला लागतो.

दादा, म्हणजे माझे वडील, झरीच्या पुढे आमच्या गावात एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. जमीन बटईनं दिलेली. त्यांना परभणीला आणायचा प्रयत्न मी दोनदा केला, पण दोन्ही वेळा चौथ्या दिवशी ते पिशवी भरून दारात उभे राहिले. "हितं कोणासंगं बोलावं?" एवढंच म्हणाले. माझ्याशी बोला, असं काही मी म्हणालो नाही. टेबलावर तपासायचे पेपर पडले होते.

एके काळी त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी पाच जण बसायचे. चिलीम एकच, मातीची, वीतभर लांब. ती दादांची असली तरी पाचांची धरली जायची. तंबाखू भरायची, वर आर म्हणजे निखारे ठेवायचे, खालच्या तोंडाला छापी म्हणजे ओलं फडकं गुंडाळायचं आणि चिलीम एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. उठायच्या आधी तिची रोजची पुसापुशी व्हायची. त्याला दोन माणसं लागत. एकानं चिंधीची पिळलेली दोरी चिलमीतून ओवून दोन्ही टोकं ताणून धरायची आणि दुसऱ्यानं त्या दोरीवर चिलीम मागंपुढं सरकवायची. मी लहानपणीच वसतिगृहात गेलो, त्यामुळे त्या बैठकीतलं मला सुट्टीपुरतंच ठाऊक होतं. तंबाखूच्या वासानं माझं डोकं उठायचं, ते वेगळंच.

पुढे पाचांचे चार झाले, मग तीन. शेवटी दादा आणि त्यांच्याच वयाचे एक काका, असे दोघे उरले. काकांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या लेकीनं त्यांना बोरीला आपल्या घरी नेलं. बोरी काही सातासमुद्रापार नाही, पण ज्याला संडासापर्यंत जायला भिंत धरावी लागते त्याला ती लांबच.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी पाहिलं, तर दादांनी चिंधीच्या दोरीचं एक टोक बाजेच्या खुराला बांधलेलं, दुसरं पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि त्यावर चिलीम सरकवणं चाललेलं.

"वा दादा, चांगली युक्ती काढली की," मी म्हणालो.

"मंग? दुसरं टोक कोण धरतंय?"

ते रागावून बोलले नव्हते. मी हसलो आणि मोबाइल काढून बसलो. आता आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दादा शेताकडे गेले असताना ती चिलीम माझ्या हाती लागली. रोज पुसूनही आतून काळीकुट्ट होती, कीट असा बसलेला की बोट आत जाईना. दादांना खोकला होताच. हे असलं पोटात जातं म्हणूनच खोकला, असं निदान मी तिथल्या तिथे केलं. मोबाइलवर शोधलं, तर सगळी माहिती कोट घालून ओढायच्या लाकडी पाइपांची. कुणी म्हणे दर आठवड्याला नीट साफ करा, कुणी म्हणे महिन्याला, कुणी त्यात दारू ओतायला सांगत होता. दारूचं काही जमण्यासारखं नव्हतं. पण भाजलेल्या मातीला आगीचं भय नाही, एवढं विज्ञान मला येत होतं. आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गोवऱ्यांचा लाल आर होता. त्यात चिलीम ठेवली, वरून आणखी दोन गोवऱ्या रचल्या आणि निवांत चहा केला. तासाभरानं बाहेर काढली, गार होऊ दिली, झटकली. कुंभाराच्या घरून आत्ताच आणावी तशी लालभडक निघाली. मी ती ओट्यावर, दादा बसायचे तिथे, मुद्दाम दिसेल अशी ठेवली. शाबासकी मिळावी असं पन्नाशीतही वाटतं.

दादा आले. पायातलं पायताण काढता काढता त्यांची नजर चिलमीवर गेली आणि एक पायताण तसंच पायात राहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"बोरीहून फोन आलता का? कवा गेला?"

त्यांचा चेहरा पाहून मी घाबरलो. "कुणी गेलं नाही दादा. फोन वगैरे काही नाही. लय घाण झाली होती म्हणून मी भाजून साफ केली."

ते ओट्याच्या कडेवर बसले. मग चिलीम हातात घेऊन तिच्या आत पाहिलं, डोळ्याजवळ नेऊन, आरपार.

"आरं मास्तरा," ते म्हणाले, "हिला रोज पुसायची. पर भाजायची ती कोणी गेल्यावरच. तिसऱ्या दिशी. त्याचं उष्टं हिच्यात अडकून ऱ्हाऊ नये, त्याला त्याच्या वाटंनं जाता यावं, म्हनून. तीन डाव भाजली म्या हिला. तिघं गेले, तीन डाव. चौथा जित्ता हाय आजून."

मी रीतसर माफी मागितली. रीतसर माफी कशी असते ते शिक्षकांना चांगलं कळतं, आणि ती किती कोरडी असते तेही. मग दादांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी बोरीला फोन लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्यापुढे धरला. काका खोकत खोकत बोलले. जिवंत होते. परभणीच्या दवाखान्यातून चार दिवसांपूर्वीच घरी आले होते. म्हणाले, "गड्या, येत्या गुरवारी जावई त्याच्या गाडीवर आनून सोडायलाय मला. सांजच्याला यष्टीनं माघारी. एक डाव बसू."

दादांचा चेहरा उजळला आणि फोन बंद होईपर्यंत पुन्हा उतरला. मला आधी कळेना. मग त्यांनीच सांगितलं. माणूस दवाखान्यातून उठून येणार, आणि येऊन बघणार तर चिलीम भाजलेली. म्हणजे दादांनी त्याला जिवंतपणीच मेलेल्यांत धरलं. त्यांच्या वर्तुळात एवढा एकच माणूस उरला होता आणि त्याच्या मनात ही गोष्ट शिरली असती, तर दादांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

"नवी आणली असं सांगा," मी सुचवलं.

"हिच्या बुडाला टवका हाय, त्याच्याच हातून पडली व्हती. वळखंल ना त्यो." मग बोटं मोजून ते म्हणाले, "सहा दिस हाईत. काळी कराय पाहिजे."

आणि ते ओढायला बसले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुसऱ्याच दिवशी खोकून खोकून त्यांचे डोळे लाल झाले. चिलीम मात्र आतून जेमतेम बदामी. संध्याकाळी त्यांनी ती माझ्यापुढे धरली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "येकट्यानं होईना बाबा."

मी शाळेतल्या तंबाखूविरोधी फेरीत दरवर्षी पुढे चालणारा माणूस. घोषणा मीच लिहून द्यायचो, यमकं जुळवून. पण त्या क्षणी नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. छापी ओठांना लावली आणि पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादा हसले. त्यांना तसं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पुढचे चार दिवस आम्ही बापलेक त्या ओट्यावर गुन्हेगारांसारखे बसून चिलीम काळी करत होतो. मला ती शेवटपर्यंत जमली नाही, चक्कर यायची, तोंड कडू पडायचं. पण हातात काही देवाणघेवाण चालू असली की माणसं बोलतात, हे मला तेव्हा कळलं. पाचांतला एक जण कसा डोळे मिटून लांबलचक झुरका घ्यायचा आणि बाकीचे कसे त्याला चिमटे काढायचे, ते दादांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तू पोरांला शिकिवतूस ते नेमकं काय असतंय?" तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. मी त्यांना तंबाखू का जळते, राख का उरते, ते सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. उठताना दोरीचं एक टोक मी धरायचो. खरं सांगतो, आयुष्यभरात मी वडिलांजवळ इतका वेळ बसलो तो तेवढाच.

गुरुवारी काका आले. जावयानं त्यांना जवळजवळ उचलूनच ओट्यावर बसवलं आणि तो आपल्या कामाला निघून गेला. हातापायाच्या काड्या झालेल्या, पण डोक्याला फेटा कडक. दादांनी चिलीम भरली आणि पहिला मान त्यांना दिला. काकांनी झुरका घेतला, डोळे मिटले, धूर नाकानं सोडला. दादा श्वास धरून बघत होते, मीही.

"झकास," काका म्हणाले.

दादांचे खांदे खाली आले. मग दोघं दुपारभर बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम घरात बसून राहिलो.

संध्याकाळी काकांना हाताला धरून, थांबत थांबत फाट्यावर पोहोचवायला मी गेलो. बोरीला जावई उतरवून घेणार होता. बसला वेळ होता. काका दगडावर टेकले आणि म्हणाले, "भाजली व्हती ना रे चिलीम?"

मी बस दिसते का ते रस्त्याकडे बघू लागलो.

"आठ दिसाचा कीट आन् बारा वरसाचा कीट, जिभेला कळतंय बाबा. त्याला सांगू नको मला कळलं म्हनून. माझ्यापाई खोकून खोकून जीव काढलाय त्यानं." मग माझा हात तसाच धरून म्हणाले, "मी काय आता पुन्ना येत न्हाई. माझ्यामागं त्यो येकटा पडंल. तू बसत जा त्याच्यापशी. रोज नगं, गुरवारी तरी."

"बसतो की काका," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो. परभणीहून गाव तासाभराच्या आत, त्यात अवघड ते काय.

होळीच्या आसपास काका गेले. मी तेव्हा शाळेत, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. दादांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "आज चिलीम भाजली."

"बरं दादा, मी संध्याकाळी करतो फोन," मी म्हणालो आणि मोबाइल खिशात टाकला. टाकता टाकताच मला अर्थ कळला होता. तरी फोन मी दुसऱ्या दिवशी केला. दहाव्याला बोरीला जाऊन आलो, दादांना घरी सोडलं आणि उभ्याउभ्याच परत फिरलो.

त्यानंतर दर बुधवारी दादांचा फोन यायचा. "उद्या येतूस का?" माझी कारणं खोटी नव्हती. परीक्षा होत्या, प्रशिक्षण होतं, निवडणुकीचं काम होतं, उन्हाचा कडाका होता. एकदा काहीच नव्हतं, नुसता कंटाळा होता, तेव्हा मी पाठदुखी सांगितली. ते म्हणाले, "मंग नगं येऊ, जप." पुढे बुधवारचे फोन थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पोळ्याच्या आधी दादा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे चांगल्या अर्थानं म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मला रीत आठवली. त्या चिलमीला तोंड लावलेला आता मी एकटाच उरलो होतो, म्हणजे भाजायचं काम माझं. देवळीतून चिलीम काढली. ती लालभडक होती. आत बोट घालून फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही. शेजारी तंबाखूची पुडी होती, दोऱ्यानं तोंड बांधलेली. छापी वाळून खडखडीत झाली होती. होळीला काकांसाठी भाजली, त्यानंतर ती पेटलीच नव्हती.

शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सोडली म्हनले व्हते की. गुरवारी सांजच्याला भरून घ्यायचे, वट्यावर बसायचे, यष्टी गेली की वतून टाकायचे. आमी म्हनलं, पेटवा की. तर म्हनले, लेक मास्तर हाय, त्याला आवडत न्हाई."

गावात माझी अब्रू त्यांनी अशी राखली. मी येत नाही म्हणून चिलीम पेटत नाही, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

वहिनी गेल्यावर मी चुलीपुढे बसलो. गोवऱ्या होत्या, काडेपेटी होती. चिलीम हातात घेऊन पुष्कळ वेळ बसलो, पण चूल पेटवता येईना. दादांचं उष्टं जाळून त्यांना वाटेला लावायचं, तर ते तिच्यात असायला हवं होतं. होळीनंतर ते मी पडूच दिलं नव्हतं.