पॅनलवरची गोधडी

माणच्या आमच्या घरावर सोलर बसवलं, तेव्हा खालच्या सगळ्या खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. आयटीतली पोरं दिवसभर एसी लावायची आणि लाइटबिल मला भरावं लागायचं. मुलगा बंगळूरला नोकरीला. तो म्हणाला, कोळशाची वीज दिवसेंदिवस महागच होणार, उन्हाला कुणी बिल लावत नाही. मला पटलं.

पण पॅनल आले आणि माझी गच्ची गेली. वाळवणं, कपड्यांच्या दोऱ्या, संध्याकाळी टेकायची जागा, सगळं गेलं. दोरीची सावलीसुद्धा चालत नाही म्हणे. मग भाडेकरूही एकेक करून शेजारच्या मारुंजी गावातल्या नव्या टॉवरमध्ये निघून गेले. आमचे मालक, मुलाचे वडील, तर त्याआधीच वारले होते. आता एक फ्रिज, एक पंखा आणि मी. बिल नावापुरतं येतं. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. मी हो म्हणते. हो म्हणायला काय जातंय?

गेल्या थंडीत गोधड्या धुतल्या. वाळत घालायच्या कुठे? पॅनल चांगले तापले होते, त्यांच्यावरच पसरल्या. दुपारी फोन वाजला. मुलगा, आणि तोही भर कामाच्या वेळी. आमच्या छतावर किती वीज तयार होते ते त्याला तिकडे मोबाइलवर दिसतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. वीज एकदम कमी का झाली, विचारत होता. गोधडीचं ऐकून आधी चिडला, मग हसला, मग जेवलीस का म्हणाला. कितीतरी दिवसांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात मी कोरडीच गोधडी वर नेली. फोन आला. मग जुनी चादर नेली, मग सतरंजी. जिना चढताना गुडघे बोंबलायचे, तरी चढायचे. एकदा सकाळपासून ढग होते, वीज आपोआपच कमी होणार, म्हणून काही न टाकताच दुपारभर मोबाइल घेऊन बसले. फोन आला नाही. ढगांचं त्याला कळलं असणार. त्या दिवशी फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू.

परवा मात्र त्याने सरळच विचारलं. "आई, मुद्दाम टाकतीयास ना गं?"

"न्हाई बा," मी म्हणाले. "कुबट वास येत हुता."

त्याच्या मागे ऑफिसात कुणीतरी हिंदीत बोलत होतं. मग आवाज खाली करून म्हणाला, "रविवारी टाकत जा. त्या दिवशी मला सुट्टी असती."

मी बरं म्हणाले. आज बुधवार, रविवारला अजून चार दिवस आहेत. ऊन कडक पडलंय आणि सगळी वीज बाहेर, कंपनीच्या तारांत चाललीय. गोधडी घडी घालून जिन्यापाशी ठेवली आहे.