कुंकू लावताना सांगितलेलं मत

“रेकॉर्डर बंद झाला म्हणजे सेशन संपलं, वंदना,” निनाद सर गाडीची काच अर्धी खाली करून म्हणाले. “आता बायका जे बोलल्या ते रिपोर्टमध्ये येणार नाही.”

मी बीबी गावातल्या गल्लीत भर उन्हात उभी होते. मागे, जिथे बैठक झाली त्या सरलाबाईंच्या दारात बायका ताटकळत होत्या. साहेब परत आत येतात का, हे त्यांना बघायचं होतं.

आधी माझं काम सांगते. मालिका लोकांना कशी वाटते हे चॅनेलला जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी आमच्यासारख्या एजन्सी ग्रुप डिस्कशन घेतात, म्हणजे आठ-दहा प्रेक्षकांना कुणाच्या तरी घरी बसवून बोलतं करतात. बोलतं करणाऱ्याला मॉडरेटर म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत हे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं.

ही मालिका एका प्राचीन नगरीला पडलेल्या वेढ्याची होती. नगरी, राजा, शत्रू सगळं लेखकाच्या डोक्यातलं, पण थाट इतिहासाचा. बायकांचा जीव जडला होता तो राजावर नाही, रेवा नावाच्या सुईणीवर. वेढ्यात धान्य संपत आलंय, तरी ही बाई उपाशीपोटी घरोघरी बाळंतपणं करत फिरते. शेवटचे भाग शूट व्हायचे होते. चॅनेलने ठरवलेला शेवट असा, की हीच रेवा धान्याच्या पोत्यासाठी फितूर होते, वेशीचं दार उघडते आणि नगरी पडते. तो शेवट वाचून दाखवायचा आणि मत घ्यायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी निनाद सर चॅनेलकडून खास मुंबईहून आले होते.

मी शेवट वाचला. मग सरलाबाईंनी चहा दिला आणि एकेक जण बोलू लागली.

“छान हाय.”

“चांगलं दाखोलं.”

“तुम्ही एवढ्या लांबून आले, वाईट काऊन असन?”

सर खूश. मी नाही. येतानाच गाडीत मी त्यांना सांगितलं होतं, “सर, आमच्याकडे पाहुण्याच्या तोंडावर कुणी त्याच्या मालाला नावं ठेवत नाही. पहिलं ‘छान’ हे पाहुण्यासाठी असतं. जरा थांबावं लागतं.” त्यांनी मान डोलावली होती. आता त्यांनी स्वतःच्या हाताने रेकॉर्डर बंद केला आणि ते गाडीत जाऊन बसले.

मी उठले, तशी सरलाबाईंनी वाट अडवली. “कुंकू लावल्याबिगर कशा जाता ताई?”

करंडा आला. कुंकू लावता लावता त्या हळूच म्हणाल्या, “खरं सांगू का? त्या रेवाले फितूर काऊन केलं?”

बस्स. सगळ्याच सुटल्या.

“जिनं अख्ख्या नगरीची लेकरं हातावर घेतली, ते त्याच लेकरायवर दुश्मन सोडन का?”

“राजा नाच पाहून राह्यला, त्याले काई नाई. पाप मात्र गरीब बाईच्या माथी!”

“असं दाखोलं तर आम्ही पाह्यनार नाई.”

सरलाबाईंचे डोळे भरले होते. “माही सासू सुईण होती, ताई. गावात कोनाचंबी दार वाजलं की भरल्या ताटावरून उठून जाये. हे पाहून लोकं तिले काय म्हनतीन?”

“तुमचं म्हणणं मी पोचवते,” मी म्हणाले. शब्द दिला, आणि धावत गाडीपाशी गेले.

“सर, खरं मत आत्ता आलंय. पाच मिनिटं आत चला.”

“आत सगळ्या ‘छान’ म्हणाल्या. मी स्वतः ऐकलंय.”

“ते चहाचं होतं, सर!”

“आपण डेटावर चालतो. दारातल्या गप्पांवर नाही.”

आणि वर ते रेकॉर्डरचं वाक्य. गाडी सुरू झाली. दारातल्या बायकांकडे बघायची मला लाज वाटली.

तरी मी सगळं टॉपलाइनमध्ये लिहिलं. टॉपलाइन म्हणजे मोठ्या रिपोर्टच्या आधी पाठवायचा छोटा सारांश. तो निनाद सरांकडून फिरून परत आला तेव्हा बायकांचं म्हणणं गायब, ‘शेवट पसंत’ एवढंच ठेवलेलं आणि खाली माझं नाव. माझं डोकंच फिरलं. फोन करून म्हटलं, “हे बायकांचं मत नाही. एक तर त्यांचं म्हणणं परत घाला, नाही तर माझं नाव काढा.” त्यांनी नाव काढलं. त्यांना तेच सोयीचं होतं.

तोच शेवट टीव्हीवर लागला. बायकांनी बोलल्याप्रमाणे मालिका सोडली, आणि ती फक्त बीबीत सुटली नाही. मग चॅनेलची मीटिंग झाली, एजन्सीकडून मीही होते. तिथे निनाद सरांनी निष्कर्ष काढला, “ग्रामीण प्रेक्षक खरं बोलत नाहीत.” चोराच्या उलट्या बोंबा! ज्यांनी खरं ऐकायला गाडीचं दार उघडलं नाही, ते हे बोलत होते. मी हे त्या मीटिंगमध्येच सुनावलं. सरांनी लगेच पुढचा विषय घेतला.

काही महिन्यांनी दुसऱ्या मालिकेसाठी पुन्हा बीबी, पुन्हा तेच सर. सरलाबाई दारातच होत्या.

“ताई, तुम्ही पोचवतो म्हनल्या होत्या.”

“पोचवलं होतं. त्यांनी खोडलं.”

त्यांनी माझ्या मागे पाहिलं. सर वाकून बूट काढत होते. सरलाबाई आत वळून सुनेला ओरडल्या, “चहा ठेवू नको वं अजून! आधी बोलनं होऊ दे.”

त्या दिवशी रेकॉर्डर चालू असतानाच सगळं बाहेर आलं. आधी रेवाचं, मग नव्या मालिकेचं. मध्ये एकदा सरांनी पाणी मागितलं, तेवढं मिळालं.

नव्या मॉडरेटरना मी एवढंच शिकवते. कुणाच्या घरी मत विचारायला गेलात, तर चहा शेवटी घ्या.